इंजिनिअर ते पेटंट खटल्यांचे वकील: सोलापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

पेटंटच्या क्षेत्रात दोन वेगवेगळ्या नोंदण्या असतात आणि नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. पेटंट एजंटचं काम पेटंट कार्यालयापुरतं असतं. तो स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर लेखी वर्णन) लिहितो, अर्ज दाखल करतो, परीक्षकाच्या आक्षेपांना उत्तरं देतो, कंट्रोलरसमोर (पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) बाजू मांडतो. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. कोर्टात मनाई हुकूम मागायचा, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची, पेटंट रद्द करून मागायचं, हे काम वकिलाचं. त्याला विज्ञानाची पदवी लागत नाही. खटले चालवायचे असतील तर सनद, म्हणजे बार कौन्सिलकडची वकिलीची नोंदणी, हवीच. एजंटची परीक्षा सक्तीची नाही, पण ती देताना स्पेसिफिकेशन लिहायला शिकलेला वकील समोरच्याचं स्पेसिफिकेशन वाचतो तेव्हा कुठे मुद्दाम मोघम ठेवलंय हे त्याला लगेच कळतं. म्हणून दोन्ही करा, आणि एजंटची परीक्षा एलएल.बी. चालू असतानाच उरका.

पदवी, परीक्षा, सनद

बी.ई. किंवा बी.टेक.नंतर तीन वर्षांचा एलएल.बी. करायचा. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची विधी तीन वर्षांची सीईटी द्यावी लागते. पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. इंजिनिअरिंगला काठावर पास झालेल्यांनी हा आकडा आधी तपासावा. सोलापुरात दयानंद विधी महाविद्यालय आहे, त्यामुळे या तीन वर्षांसाठी पुण्याला खोली घेण्याची गरज नाही. वाचलेले पैसे पुढे मुंबईतल्या पहिल्या वर्षाला लागतात.

दोन अटी लोक हलक्यात घेतात. एक, बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. दुसरी, पदवी नियमित वर्गाची हवी. घरबसल्या पत्रद्वारे केलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. चिंचोळी एमआयडीसीत दिवसपाळीची नोकरी करत ‘कॉलेजचं बघून घेऊ’ म्हणणारे तिसऱ्या वर्षी परीक्षा अर्जाच्या खिडकीशी अडकतात.

पेटंट एजंट परीक्षेला भारतीय नागरिकत्व, २१ वर्षं पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. शंभर-शंभर गुणांचे दोन लेखी पेपर आणि ५० गुणांची तोंडी, अशी तिची रचना. दोन्ही लेखी पेपरांत प्रत्येकी किमान ५० गुण आणि एकूण ६० टक्के मिळाले तर उत्तीर्ण. ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही. जाहिरात आली की अर्ज भरून टाकायचा; ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलं की दोन-तीन वर्षं सहज जातात. पहिला पेपर पाठांतराने निघतो. माणसं पडतात ती दुसऱ्यात. तिथे वस्तूचं वर्णन देऊन क्लेम (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतोय हे सांगणारं वाक्य) लिहायला सांगतात, आणि इंजिनिअर सवयीने क्लेमऐवजी प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून ठेवतो.

एलएल.बी. झाली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणी शुल्क कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा दोन वर्षांच्या आत पास व्हायची. तिथे टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात, त्यामुळे तिचा बाऊ करू नये. मात्र सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीच्या कायदा विभागात जायचं असेल तर सनद तात्पुरती स्थगित ठेवावी लागते. हे माहीत नसलेला वकील सनदही ठेवतो, पगारही घेतो आणि कधीतरी तक्रारीत सापडतो.

क्लेम आणि यंत्र समोरासमोर ठेवणं

पेटंट खटल्याचा जीव क्लेममध्ये असतो. आकृत्या, वर्णन, सारांश हे सगळं त्याचा अर्थ लावायला मदत करतं, पण हक्क मिळतो तो क्लेममधल्या शब्दांपुरता. नवखे वकील वादीचं यंत्र आणि प्रतिवादीचं यंत्र शेजारी ठेवून ‘दोन्ही सारखीच दिसतात’ असा युक्तिवाद करतात. तुलना तशी करायचीच नसते. एका बाजूला वादीचा क्लेम आणि दुसऱ्या बाजूला प्रतिवादीची वस्तू, एवढंच पाहायचं.

सराव सोलापुरातल्याच यंत्रावर करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे टेरी माग चालतात. टेरी मागाला दोन बीम असतात, एक कापडाच्या जमिनीच्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) आणि दुसरा पाइलचा, म्हणजे टॉवेलवर फासे होणाऱ्या धाग्यांचा. तीन पिकांच्या पद्धतीत (पिक म्हणजे बाण्याचा, आडव्या धाग्याचा, एक फेरा) पहिले दोन बाणे कापडाच्या कडेपासून थोडे मागे ठेवले जातात. तिसऱ्या पिकाला फणी ते तिन्ही एकत्र पुढे रेटते आणि ढिला सोडलेला पाइलचा ताणा वर येऊन त्याचा फासा होतो. पाइलचा ताण चुकला की फासे खालीवर होतात आणि टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जातो. आता समजा, कुणाकडे या ताणाच्या नियंत्रणाचं पेटंट आहे आणि क्लेमचे चार घटक असे आहेत: पाइल बीम, त्यावरून येणाऱ्या ताण्यावर टेकलेला रोलर, त्या रोलरची जागा मोजणारा सेन्सर, आणि त्या मापानुसार प्रत्येक तिसऱ्या पिकाआधी बीमची मोटर फिरवणारा कंट्रोलर.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात क्लेमचा घटक, जसाच्या तसा, एक शब्दही न बदलता. दुसऱ्यात प्रतिवादीच्या मागावर त्या जागी काय आहे. तिसऱ्यात पुरावा: फोटो, माहितीपुस्तिकेचं पान, व्हिडिओतली वेळ. प्रतिवादीच्या मागावर बीम आहे, रोलर आहे, मोटरही आहे. पण सेन्सरच्या जागी साधा मायक्रोस्विच आहे. रोलर ठरावीक रेषेपलीकडे गेला की तो चालू होतो, मागे आला की बंद. ‘मोजणारा’ हा शब्द त्याला लागू होतो का? स्विच दोनच अवस्था सांगतो, जागा किती सरकली हे सांगत नाही. सगळा खटला या एका क्रियापदावर फिरू शकतो. वादीचा वकील वर्णनात ‘कोणतेही स्थितिदर्शक साधन’ असं कुठे लिहिलंय का ते शोधेल. प्रतिवादीचा वकील अर्जाच्या तपासणीचा पत्रव्यवहार काढेल, कारण आक्षेप टाळायला वादीने तिथे ‘स्विचपेक्षा आमचं वेगळं’ असं आधीच लिहून दिलेलं असू शकतं. हा पत्रव्यवहार पेटंट कार्यालयाच्या इनपास पोर्टलवर फुकट वाचायला मिळतो, तरी बरेच जण तो उघडतच नाहीत.

चारपैकी एक घटक प्रतिवादीच्या वस्तूत नसेल तर शब्दशः उल्लंघन होत नाही. मग ‘तेच काम, त्याच रीतीने, तोच परिणाम’ या समतुल्यतेच्या युक्तिवादाकडे वळावं लागतं, आणि ती वाट चढाची आहे.

मोठ्या खटल्यांपैकी दोन इंजिनिअरने पहिल्याच महिन्यात मुळातून वाचावेत. पहिला, बजाज विरुद्ध टीव्हीएस. बजाजच्या पेटंटमध्ये चार-स्ट्रोक इंजिन, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, ४५ ते ७० मिलिमीटर बोअर आणि दोन स्पार्क प्लग अशी जोड होती. टीव्हीएसच्या फ्लेम गाडीत दोन प्लग होते, पण व्हॉल्व्ह तीन. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई दिली, खंडपीठाने मे २००९ मध्ये ती उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्री चालू ठेवू दिली, पण हिशेब ठेवायला सांगितला. एकच इंजिन दोन पायऱ्यांवर वेगवेगळं कसं वाचलं गेलं, ते दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा.

दुसरा, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर १९७८. भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचं पेटंट होतं. कसबी कारागिराला सहज सुचेल अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असं म्हणून ते रद्द झालं. पेटंट मिळालं म्हणजे ते वैध आहेच असं गृहीत धरता येत नाही, हेही याच निकालातून पक्कं होतं. वर्कशॉपमध्ये हेडस्टॉक-टेलस्टॉक हाताळलेल्याला हा निकाल इतरांपेक्षा लवकर समजतो.

शोधासाठी वर्गीकरणाचे आकडे वापरायची सवय लावा. टेरी मागांसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात डी०३डी ३९/२२ हा गट आहे. नुसता ‘टॉवेल लूम’ टाकला तर हजारो निरुपयोगी नोंदी येतात. गटाचा आकडा टाकून वर्ष लावलं की ढीग आटोक्यात येतो.

आधी सोलापूरचं कोर्ट

बहुतेक इंजिनिअर सनद मिळताच मुंबई-दिल्लीच्या बौद्धिक संपदा कार्यालयांना बायोडेटा पाठवतात. आमचं मत वेगळं आहे. पहिली दोन वर्षं सोलापूर जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणाऱ्या वरिष्ठ वकिलांकडे काढा. पेटंटच्या मोठ्या कार्यालयात कनिष्ठाला दोन वर्षं फक्त संशोधन आणि तक्ते करायला मिळतात. इथे सहा महिन्यांत वादपत्र लिहायला, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) वाचायला, तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर उभं राहायला मिळतं, आणि सरतपास-उलटतपास कसा चालतो तो रोज दिसतो. जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात सात-बारावरून साक्षीदाराला खिंडीत गाठायला शिकलेला वकील पुढे तज्ज्ञ साक्षीदारालाही गाठतो. तंत्र तेच असतं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अखत्यारीत आहे. उच्च न्यायालयाचं काम पाहायला आता मुंबईच गाठावी लागत नाही. पेटंट कार्यालयाची मुंबई शाखा अँटॉप हिलला आहे, पण तिथल्या सुनावण्या व्हिडिओवर होतात. प्रत्यक्ष जायची वेळ आलीच तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहेच.

मानधनाची बोलणी पहिल्याच दिवशी करा. जिल्ह्यात कनिष्ठाला हातात फार काही पडत नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. एजंटची परीक्षा पास असेल तर अर्ज लिहिण्याची, शोध अहवालाची कामं बाहेरून मिळतात, आणि ही दोन वर्षं त्यावर निघतात. परीक्षा आधी द्या म्हणण्याचं खरं कारण हेच आहे.

दावा चालतो कसा आणि कुठे अडतो

पेटंटचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या कोर्टात चालत नाही. पेटंट कायद्याच्या कलम १०४ प्रमाणे प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला की दावा आणि प्रतिदावा दोन्ही उच्च न्यायालयात जातात. पण कलम १०७ प्रमाणे रद्द करण्याची सगळी कारणं नुसता बचाव म्हणूनही मांडता येतात, आणि तेवढंच केलं तर दावा जिल्ह्यातच राहतो. पक्षकाराला कुठलं कोर्ट सोयीचं, खर्च किती झेपेल, हे कैफियत लिहिण्याआधी ठरवायचं असतं, नंतर नाही. तसंच, मंजुरीनंतरचा विरोध, रद्द करण्याची याचिका आणि प्रतिदावा या तीन वाटांपैकी एकच धरता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या वॉबेन निकालात म्हटलंय.

हद्दीचा मुद्दा बऱ्याच जणांना महागात पडतो. ट्रेडमार्क आणि कॉपीराइटमध्ये वादीला स्वतः जिथे धंदा करतो तिथे दावा लावण्याची सवलत आहे. पेटंट कायद्यात ती नाही. सोलापूरच्या कारखानदाराचं पेटंट सुरतेत कुणी मोडलं, तर प्रतिवादी जिथे आहे किंवा उल्लंघन जिथे घडलं तिथेच जावं लागतं. नकली माग सोलापुरात विकला गेल्याचं बिल हातात असेल, तरच इथे पाय रोवता येतात.

हे वाद व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली येतात. तातडीची मनाई मागायची नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. समन्स मिळाल्यापासून कैफियतीला ३० दिवस, आणि कोर्टाने वाढवून दिले तरी फार तर १२०. एकशे एकविसाव्या दिवशी कैफियत घेतली जात नाही. साध्या दिवाणी दाव्यांची सवय असलेले वकील इथे हमखास घसरतात, कारण तिथे ‘पुढची तारीख’ मिळते. कागदपत्रंही सुरुवातीलाच दाखल करायची असतात. मागाहून आणलेला महत्त्वाचा कॅटलॉग आत घ्यायला वेगळा अर्ज आणि सबळ कारण लागतं.

मनाईच्या सुनावणीत वादीला प्रथमदर्शनी बाजू, सोयीचा तोल (मनाई दिली किंवा नाकारली तर कुणाची गैरसोय जास्त) आणि भरून न येणारं नुकसान, हे तिन्ही दाखवावं लागतं. प्रतिवादीला पेटंट अवैध आहे हे पूर्ण सिद्ध करावं लागत नाही. त्याच्या वैधतेवर विश्वासार्ह शंका उभी केली तरी मनाई अडते. इथेच सोलापूरचा इंजिनिअर वकील उपयोगी पडतो. पेटंटच्या अर्जाच्या तारखेआधी तीच यंत्रणा शहरातल्या एखाद्या कारखान्यात चालू होती, हे त्याला विचारपूस करून सापडू शकतं. भारतात आधी झालेला सार्वजनिक वापर पेटंट रद्द करायला पुरेसं कारण आहे.

पण असा पुरावा कच्चा आणला तर उलटतो. तारीख नसलेला फोटो, व्हॉट्सॲपवर फिरून आलेला व्हिडिओ, ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच होतं’ असं सांगणारा जॉबर (मागांची देखभाल करणारा कारागीर), एवढ्यावर काही होत नाही. मागाच्या पाटीवरचा अनुक्रमांक, खरेदीचं बिल, दुरुस्तीची नोंदवही, जुनी माहितीपुस्तिका हे एकमेकांना जुळलं पाहिजे. मोबाइलमधला पुरावा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा) त्यात लिहावी लागते. दुसरा भाग विसरला म्हणून चांगला व्हिडिओ बाजूला पडू शकतो. प्रतिवादीच्या कारखान्यात चोरून शिरून शूटिंग करणं तर अजिबात नको. कोर्ट कमिशनर नेमून घ्यायचा अर्ज करा, आणि काय काय तपासायचं याची यादी अर्जासोबत द्या. यादी मोघम असेल तर कमिशनर मागाचे चार फोटो काढून परत येतो.

स्वतः वकील असताना त्याच खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार होण्याचा मोह टाळा. साक्षीदार म्हणून उभं राहायची वेळ येणार असेल तर ते वकीलपत्र सोडावं लागतं. तज्ज्ञ दुसरा आणा, आणि त्याचं प्रतिज्ञापत्र तक्त्याच्या तीन रकान्यांवर बांधून घ्या.

पहिला पक्षकार

‘माझ्याकडे पेटंट आहे’ म्हणत आलेला माणूस बऱ्याचदा ट्रेडमार्कचं किंवा उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र घेऊन आलेला असतो. चादरीवरची नक्षी डिझाइनमध्ये येते, सोलापुरी चादर या नावाला भौगोलिक मानांकन आहे, आणि यातलं काहीच पेटंट नव्हे. कागद हातात घेऊन क्रमांक पाहा आणि इनपासवर स्थिती तपासा. नुसता अर्ज प्रसिद्ध झालेला असेल तर मंजुरीशिवाय दावा लावता येत नाही. पेटंट मंजूर असेल तर नूतनीकरण शुल्क भरलंय का ते बघा. तिसऱ्या वर्षापासून ते दरवर्षी भरावं लागतं, आणि थकलं की पेटंट मावळतं. मावळल्यापासून १८ महिन्यांच्या आत पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो.

ही तपासणी होईपर्यंत नोटीस पाठवू नका. हक्क नसताना धमकीची नोटीस गेली तर समोरचाच कलम १०६ खाली दावा लावू शकतो, नुकसानभरपाईसकट.

यंत्रावर नुसतं ‘पेटंटेड’ लिहिलेलं पुरत नाही, क्रमांकही हवा. प्रतिवादीला पेटंटची माहिती नव्हती आणि असण्याचं कारणही नव्हतं, हे त्याने दाखवलं तर कलम १११ मुळे भरपाई अडकते, मनाई मात्र मिळू शकते. पेटंट नसताना तसं छापलं तर वेगळी शास्ती होते आणि ती दहा लाखांपर्यंत जाऊ शकते. नकली माग विकत घेऊन चालवणारा यंत्रमागधारकही उल्लंघन करणारा ठरतो, कारण ‘वापरणं’ हाही पेटंटधारकाचाच हक्क आहे. पक्षकार खरेदीदार असेल तर हे त्याला आधी सांगा, आणि विकणाऱ्याकडून नुकसान भरून देण्याची लेखी हमी आहे का ते विचारा.

शोध अजून अर्जाविना असेल, तर प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करायला लावा. बारा महिन्यांची सवलत सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच आहे. हॉल भाड्याने घेऊन भरवलेल्या व्यापारी मेळाव्याला ती लागू होत नाही. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. तेवढे वाचवायला माग आधी लोकांना दाखवला, की पुढे नवीनपणाच संपतो.